सिंधुदुर्ग फोटो सहलीच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

काल रात्री स्टुडिओ बंद करताना तुमचा रिव्ह्यू वाचला. ४,८०० रुपये भरून मालवणला नेलं, संध्याकाळी किल्ला नुसता काळा आला, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठवलं, किल्ल्यावर जेमतेम तास मिळाला, त्यातही इतिहासच ऐकवला आणि ड्रोन बॅगेतून काढू दिला नाही. यातलं काहीच खोटं नाही.

ड्रोनची चूक सरळ माझी. सिंधुदुर्ग हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिथं परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ट्रायपॉडही लावता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या माहितीत ही ओळ मी घातलीच नव्हती. एवढं ओझं तुम्ही घाट उतरून नेलंत आणि धक्क्यावर ‘नाही’ ऐकलंत. माफी मागतो. आता पैसे घेण्याआधी हे प्रत्येकाला सांगतोय.

संध्याकाळचंही तसंच. किल्ला मालवणच्या पश्चिमेला, म्हणजे किनाऱ्यावरून बघताना सूर्य तटामागे जातो. त्या वेळी दगडाचा रंग मिळत नाही, मिळते ती तटाची आणि बुरुजांची रेघ. प्रकाश आकाशावर मोजायचा, तट काळा होऊ द्यायचा आणि मधून जाणाऱ्या होडीची वाट बघायची. हे शेजारी उभं राहून दाखवायला मला पाऊण तास लागतो. तो गगनबावड्यात चहा-भज्यांत गेला, आणि थांबा मीच लांबवला होता. आपण पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता.

पहाटे उठवलं त्याबद्दल मात्र माफी मागणार नाही. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून, गावाच्या बाजूनं येतो आणि समोरच्या तटावर थेट पडतो. नऊनंतर तो उजेड पांढरा पडतो. शिवाय तटाखाली पाणी हवं, म्हणून सहलीचा दिवस मी पंचांग बघून ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. त्या रविवारी वद्य नवमी होती, नऊची पाऊणपट म्हणजे पावणेसात. भांगाची, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची लहान भरती असल्यानं पाणी फार चढत नाही, पण खडक झाकतात. अमावास्येला गेलो असतो तर त्याच वेळी ओहोटी आणि समोर उघडे खडक. रिव्ह्यूखाली तुम्ही टाकलेला दुसरा फोटो, सोनेरी तट आणि पुढं एकटी होडी, त्याच सकाळच्या उजेडातला आहे. फार चांगला फोटो आहे तो.

किल्ल्यावर होडीवाले तासाभराचीच मुभा देतात. ४८ एकरांच्या किल्ल्याला ती पुरत नाही, हे मान्य. पुढच्या वेळी होडी पूर्ण आपल्यासाठी ठरवून जास्त वेळ घेणार आहे, त्याचे पैसे वेगळे मागणार नाही.

दरवाजापाशी पंधरा मिनिटं कॅमेरे खाली ठेवायला लावले, त्याचा तुम्हाला राग आलाय. दादा, तो दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो डोळ्यांनी शोधला नाही तर फोटोत फक्त भिंत येते. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पाया घातला, तेव्हापासूनची ही योजना आहे. आत चुन्यात उमटलेला महाराजांचा हात आणि पाय आहे, तिथंही आधी हात जोडावेत, मग कॅमेरा काढावा, असं मला वाटतं. आणि आपण कोल्हापूरची माणसं. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पण तो पुन्हा करवीर गादीकडे आला आणि १८१२ च्या तहात कायमचा गेला. एवढं सांगितल्याशिवाय मला तिथं कुणाला नेता येत नाही. फक्त ते गाडीत सांगायला हवं होतं, किल्ल्यावरच्या तासातून वेळ कापून नव्हे. हे तुमचं बरोबर.

हुकलेल्या संध्याकाळचे म्हणून निम्मे पैसे, २,४०० रुपये, ज्या नंबरवरून भरले त्यावर आज परत करतो. कार्डावरच्या मूळ फाइल पुसू नका. राजारामपुरीत स्टुडिओवर घेऊन या, मंगळवार सोडून कधीही. त्या काळ्या फोटोंतल्या दोन-तीनमध्ये आकाश नक्की शाबूत असेल, ते आपण बसून काढू.