खुलासा : वाटीभर दुधावर पिल्लू दिवसभर राहत नाही

‘वाटीभर गाईचं दूध ठेवा, दार लावा, मांजराचं पिल्लू संध्याकाळपर्यंत राहते’ हा वावरात जाणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज चुकीचा आहे. गाईच्या दुधातली साखर बहुतेक पिल्लांना नीट पचत नाही. हगवण लागते, अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होते आणि एवढ्याशा जिवावर बेतते. उथळ, जड वाटीत साधं पाणीच ठेवा.

चार महिन्यांखालच्या पिल्लाला चार तासांहून जास्त एकटं सोडू नका. दुपारी कोणीतरी येऊन खाऊ घालावं. उन्हाळ्यात टिनाची खोली नकोच, भट्टीसारखी तापते. कूलरची टाकी आणि बादल्या झाका, पिल्लं बुडतात. सुतळी, दोरा उचला. गिळला तर आतडी आवळतात. फवारणीचे डबे, उंदराचं औषध त्या खोलीत अजिबात नको.