गोकाकच्या मित्राचा मेसेज

मागच्या महिन्यात गोकाकच्या एका जुन्या कन्नडभाषक वर्गमित्राचा मेसेज आला. "नैरोबीत जाऊन सहा महिन्यांत स्वाहिली शिकलास. बेळगावात वीस वर्षं काढलीस, पण कन्नड म्हटलं की तोंड वाकडं. असं कसं रे?" मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. बोचलं, कारण खोटं नव्हतं.

निमित्त अप्पासाहेब पंतांचं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर मी त्यांच्याविषयी चार ओळी टाकल्या होत्या. औंध संस्थानचे राजपुत्र, ऑक्सफर्डला शिकलेले, १९४८ साली भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीत आले. केनिया स्वतंत्र व्हायला अजून पंधरा वर्षं होती, म्हणून राजदूत म्हणायची सोय नव्हती. काम मात्र राजदूताचंच, आणि तेही केनियासोबत युगांडा, टांगानिका, झांझिबार असं सगळं मिळून. आफ्रिकेत नेमणूक म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असं आपल्याकडे अजून वाटतं. (मी नैरोबीत असतो म्हटलं की गावाकडचा पहिला प्रश्न सिंहाचाच.) पंतांनी ती शिक्षा मानली नाही. इथले भारतीय तेव्हा गोऱ्यांच्या खालच्या आणि आफ्रिकनांच्या वरच्या पायरीवर बसलेले. त्यांना पंत सांगत, देश आफ्रिकनांचा आहे, त्यांच्या बाजूनं उभे राहा. नेहरूंचं धोरणही तेच होतं. आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, केनियाचे स्वातंत्र्यनेते जोमो केन्याटा यांच्याशी पंतांची ऊठबस वाढली. १९५२ला ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊच्या उठावावरून आणीबाणी लागली तशी ब्रिटिशांची दिल्लीकडे कुरकुर सुरू झाली आणि १९५४ला पंतांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम.

मित्राचं म्हणणं, पंतांचा 'देश ज्यांचा, त्यांच्या बाजूनं उभे राहा' हा सल्ला बेळगावच्या मराठी माणसालाही लागू कर की.

इथंच माझं अडतं. नैरोबीतले भारतीय बाहेरून आलेले. कुणी रेल्वेच्या कामावर आलं, कुणी दुकान टाकायला. युगांडात १९७२ला हुकूमशहा इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन तिथल्या भारतीयांना हाकललं. केनियानं २०१७ साली आपल्याकडच्या भारतीयांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. दोन्हीकडे प्रश्न आलेल्यांचाच होता. आमचं बेळगावातल्या शहापूरचं घर कुठून आलेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ला आजोबा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेले ते उंबरा न ओलांडता.

आणि शिकण्याशिकण्यात फरक असतो. पहिल्याच आठवड्यात भाजीवालीकडं सुकुमा विकीची जुडी घेताना मी पन्नासला 'हमसीनी' म्हणायच्या ऐवजी 'तानो' म्हणालो, म्हणजे पाच. ती पोट धरून हसली, शेजारणीला बोलावून पुन्हा म्हणायला लावलं, आणि मला आकडे पाठ करून घेतले. बेळगावात माझ्या आईला घरपट्टीची नोटीस कन्नडमध्ये येते. ती नोटीस घेऊन आई शेजारच्या पोराकडं जाते. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्रानं १९५६लाच लिहून ठेवलंय. आईसाठी कन्नड म्हणजे तो नोटिशीचा कागद.

पण आमचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून कन्नड कंडक्टरला मारहाण झाली, मग महाराष्ट्र-कर्नाटक दरम्यानच्या बस बंद पडल्या. मारणाऱ्यांची बाजू मला घेता येत नाही, ते मराठी बोलतात म्हणूनसुद्धा नाही. आणि सगळा दोष नोटिशीवर ढकलायचा तर शाळेतल्या कन्नडच्या गुरुजींचं काय? त्यांनी कधी कुणाला मारलं नाही, उलट गाणी म्हणून शिकवायचे. आम्ही मागच्या बाकावर त्यांच्या नकला करत बसलो आणि पस्तीस मार्कांवर पेपर काढला.

हे सगळं मी मित्राला लिहिलं, लांबलचक, मराठीत. त्यानं मराठीतच उत्तर दिलं, ऱ्हस्व-दीर्घासकट चोख. शेवटी एक ओळ कन्नडमध्ये होती. अक्षर अक्षर लावत बसलोय, दोन शब्द अजून लागलेले नाहीत.