‘चार रकाने भरा, प्रश्न तयार’: एका मेसेजला उत्तर

नर्सिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो एकाच दिवसात तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक तर माझ्याच जुन्या विद्यार्थिनीने पाठवला होता, खाली जोडलेल्या हातांसकट. मजकूर असा: संशोधनाचे प्रश्न काढणं डॉक्टरांचं काम, नर्सने सेवा करावी. शिकताना काढावाच लागला तर पिकोचे, म्हणजे प्रश्न मांडायच्या साच्याचे, चार रकाने भरावेत, झाला प्रश्न तयार. बाकी सगळं पुस्तकात आहेच. आणि वॉर्डात वेळ कोणाला आहे?

शेवटचं वाक्य खरं आहे. त्याच्याकडे नंतर येते.

डॉक्टरांच्या कामाचं आधी बघू. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत होत्या. (आडनावच वॉर्ड. वर्गात इथे हमखास हशा पिकतो.) ऊन पडलं की त्या बाळांना अंगणात नेत. एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि चादरीचा कोपरा जिथे पडला होता तेवढा त्रिकोण मात्र पिवळाधमक. डॉक्टरांनी पुढे प्रयोग केले, १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला, आणि नवजात बाळांच्या काविळीवरची प्रकाशाची उपचारपद्धत तिथून सुरू झाली. निबंधाच्या लेखकांत सिस्टर वॉर्ड नाहीत. प्रश्न डॉक्टरांनाच पडतात ही समजूत अशीच होते: नजर एकीची, सही दुसऱ्यांची. (आपल्याकडेही बाळाला कोवळं ऊन दाखवतात. पण बाळ पिवळं दिसलं तर उन्हावर विसंबू नका, इस्पितळात आणा.)

आता पिको. पी म्हणजे रुग्ण, आय म्हणजे उपाय, सी म्हणजे तुलना, ओ म्हणजे परिणाम. कोणी कालावधीचा टी जोडतात. १९९५ मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी पुढे आणली ती रुग्णाजवळ पडलेला प्रश्न नीट शोधता यावा म्हणून. ती प्रश्न घासूनपुसून देते, पण नसलेला प्रश्न आणून देत नाही.

उत्तर गोव्यातल्या एका सरकारी इस्पितळात मी मेडिसिन वॉर्डात होते. जून लागला की हवा अशी दमट होते की कॅन्युलावरच्या (सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीवरच्या) पट्टीच्या कडा आपोआप सुटतात. रात्री दोनला हाक ठरलेली, “सिस्टर, सुय भायर सरली!” मग पुन्हा शीर शोधा, पुन्हा टोचा, आणि आजीचे डोळे चुकवा. हे बघूनच माझ्या एका विद्यार्थिनीने विषय घेतला: पावसाळ्यात रुग्णांना कॅन्युलाचा त्रास का होतो? पिकोचा तक्ता भरून आणला. रुग्ण: वॉर्डातले. उपाय: चांगली पट्टी. तुलना: काही नाही. परिणाम: आराम.

चारही रकाने भरलेले, आणि प्रश्नाचा पत्ता नाही. कोणते रुग्ण? कागदासारख्या कातडीची आजी, की डेंग्यूचा विशीतला मुलगा? चांगली म्हणजे कुठली पट्टी? पट्टीच न लावता कोणाचा कॅन्युला ठेवणार आहेस, जे तुलनेत ‘काही नाही’ लिहिलंस? आराम कशाने मोजणार? तीन दुपारी आम्ही त्यावर भांडलो. शेवटी उरलं ते असं: मेडिसिन वॉर्डातल्या, हाताला कॅन्युला असलेल्या प्रौढ रुग्णांत साध्या कापडी पट्टीऐवजी पारदर्शक ड्रेसिंग लावलं, तर पहिल्या ७२ तासांत कॅन्युला निसटण्याचं प्रमाण कमी होतं का? त्यात पाऊस राहिला नाही म्हणून ती हिरमुसली. मी म्हटलं, पावसामुळे तुला प्रश्न सुचला, म्हणून तो प्रश्नात हवाच असं नाही. पावसाबद्दलच विचारायचं असेल तर तुलना उन्हाळ्याशी कर, आणि मे महिन्यापासून मोजायला लाग.

शिवाय काही प्रश्नांना तुलना लागतच नाही. बापाच्या खाटेखाली चटई टाकून आठ रात्री काढणाऱ्या मुलीला इस्पितळ कसं वाटतं, हा नर्सिंगचाच प्रश्न आहे. त्यात ओढूनताणून ‘सी’ घातलं की तो मेलाच.

‘सगळं पुस्तकात आहे’ म्हणणाऱ्यांना कॅन्युलाचीच गोष्ट सांगते. ठरावीक तासांनी तो बदलायचाच, हे लिहून मी परीक्षेत मार्क मिळवलेत. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकर्ड या नर्स-संशोधिकेने विचारलं, गरज दिसेल तेव्हाच बदलला तर काय बिघडतं? क्वीन्सलँडच्या तीन इस्पितळांत ३,२८३ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ठरावीक वेळी बदललेला असो की गरजेनुसार, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्के. याचा अर्थ कॅन्युला टोचून विसरून जा, असा नाही. जागा रोज बघायची, लाली-सूज दिसली किंवा गरज संपली की काढायचाच, आणि आपल्या इस्पितळाचा नियम असेल तो पाळायचा. पण पुस्तकातल्या ओळीलाही कोणालातरी ‘कशावरून?’ विचारावं लागलं.

राहिला वेळ. रात्रपाळीला दोघी, खाटा भरलेल्या, वर जमिनीवर गाद्या. अशात अभ्यास होत नाही, हे कबूल. रुग्णांवर काही करून बघायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी हवी, रुग्णाची संमती हवी, नोंदी ठेवायला माणूस हवं. त्यासाठी प्रशासनाकडे तास मागा, मेसेज त्याचा करा. प्रश्न लिहायला मात्र हँडओव्हरच्या वहीचं मागचं पान पुरतं.

मेसेज पाठवणारी ती हीच, पट्टीवाली. तिला मी हे सगळं लिहून पाठवलं. रात्री दीडला उत्तर आलं, “मॅडम, इथे नाकातल्या नळीची पट्टीपण सुटते. पारदर्शक लावली तर चालेल का?”

मी विचारलं, “कोणत्या रुग्णात?”