गच्चीवरच्या मेथीची माती कुठली?

पुण्या-मुंबईत गच्चीवरच्या भाजीवरून वाद झाला की तो बहुतेक खतांचा असतो: रासायनिक की सेंद्रिय, जीवामृत की गांडूळखत. मुंबईत रुळांलगतच्या पालेभाजीवरून अधूनमधून ओरड होते, तीही नाल्याच्या पाण्याची. मातीत शिसं किती आहे, हे कोणी विचारत नाही. सिडनीतला जाणकार मात्र घरामागे वाफा करण्याआधी तेच विचारतो. हा प्रश्न आपण जरूर उचलावा. सिडनीतली उत्तरं जशीच्या तशी उचलायचं कारण नाही.

सिडनीत शिसं आलं दोन वाटांनी. १९७० पूर्वीच्या घरांच्या रंगात ते भरपूर असे, आणि शिसेयुक्त पेट्रोल २००२ पर्यंत मिळत होतं. शिसं कुजत नाही, पावसाने फारसं खालीही झिरपत नाही. वरच्या दहा-पंधरा सेंटीमीटर मातीला धरून बसतं. मॅक्वारी विद्यापीठाने २०१३ मध्ये लोकांच्या अंगणातली माती तपासून द्यायला सुरुवात केली. घराच्या अंगणासाठी इथली मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम. सिडनीच्या तपासलेल्या घरांपैकी सुमारे ४० टक्के घरांत ती कुठे ना कुठे ओलांडलेली निघाली.

'कुठे ना कुठे' हे महत्त्वाचं. एकाच घरात भिंतीलगत, जिथे पागोळ्या पडतात आणि रंगाचे पोपडे झडतात, तिथे आकडा चढा असतो आणि मागच्या कुंपणाशी तो कितीतरी कमी. म्हणून सगळ्या अंगणाचा एकच नमुना घेतला तर तो फसवतो. भिंतीलगतचा, रस्त्याकडचा आणि वाफ्याचा असे वेगवेगळे नमुने घ्यावेत. प्रत्येकासाठी पाच-सहा जागची माती पालापाचोळा बाजूला सारून काढावी, वाफ्यात १५ सेंटीमीटरपर्यंत, मुलं खेळतात तिथे फक्त वरचे दोन. ती मिसळून, वाळवून, खडे वेचून कपभर तपासणीला पाठवावी.

आकडा जास्त आला म्हणून बाग मोडायची गरज नसते. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांच्या फळात शिसं फार थोडं उतरतं. गाजर, बीट, मुळा जास्त ओढतात. मेथी-पालकाचा मुख्य धोका मुळांतून येत नाही, पानांवर उडालेल्या मातीतून येतो. म्हणून आच्छादन घालायचं आणि जुडी दोन-तीन पाण्यांतून काढायची. सामू (पीएच) ६.५ ते ७ च्या आसपास आणि शेणखत-कंपोस्ट भरपूर असलं की शिसं मातीत जखडून राहतं. कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूची गोष्ट वेगळी, ते पालेभाज्या सहज शोषतात. शिसं ३०० च्या वर गेलं तर खाली जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं) कापड अंथरून त्यावर निदान ३० सेंटीमीटर स्वच्छ मातीचा उंच वाफा करावा. त्याच्या कडेला जुनं हिरवट, आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं लाकूड लावलं की एक विष टाळून दुसरं आणल्यासारखं होतं. ही चूक इथे सर्रास होते.

आता आपल्याकडे. शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये गेलं, घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (किलोमागे ९० मिलिग्रॅम) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. म्हणजे इतिहास फार वेगळा नाही. पण २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह वगैरे. शिसं त्यात नाही. शेतासाठी ते एकवेळ समजू शकतं. शहरातल्या बागेला तीच तपासणी पुरेशी समजणं मला धोक्याचं वाटतं. हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या) यंत्राने शिशाचा अंदाज काही मिनिटांत मिळतो. कृषी विद्यापीठांनी वर्षातून काही दिवस शहरी बागांचे नमुने घ्यावेत, एवढी मागणी तरी आपण करायला हवी.

गच्चीवर माती विकत येते, त्यामुळे अंगण तपासून भागत नाही, पोतं तपासावं लागतं. 'लाल माती' कुठून खणली हे नर्सरीवाल्याला विचारा. बांधकामाच्या राडारोड्याचे तुकडे दिसले तर परत करा. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिशाची मर्यादा आहे, तिचा अहवाल मागा. रंगवलेल्या लाकडाची राख कुंडीत नको, जळताना शिसं त्या राखेतच साठतं. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यापासून माती करायची जी वाट दाखवली, ती सिडनीतल्या उंच वाफ्यापेक्षा स्वस्त आणि आपल्या हवेत लवकर साधणारी आहे. पाला मात्र हमरस्त्याच्या कडेचा गोळा करू नये.

आणि गणपती. घरच्या बादलीत विसर्जन करून ती शाडू कुंडीत घालायची पद्धत सिडनीतल्या मराठी घरांतही रुळली आहे, आणि चांगलीच आहे. मूर्ती हळद, गेरूसारख्या रंगांची असेल तर प्रश्न नाही. चकचकीत किंवा सोनेरी रंग असेल, किंवा कोणता रंग वापरला हे मूर्तिकाराला सांगता येत नसेल, तर ती माती जास्वंद-झेंडूला घाला, मेथी-कोथिंबिरीला नको.