हजार पौर्णिमा मोजा, मग हॉल बुक करा

घरातल्या कुणाला ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवं लागलं की सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका निघतात. केटररला ॲडव्हान्स जातो, गुरुजी ठरतात, नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. एकच गोष्ट कुणी करत नाही, ती म्हणजे पौर्णिमांची मोजणी. ऐंशीव्या वाढदिवसाला हजार पौर्णिमा झालेल्या नसतात. दहा-अकरा बाकी असतात.

दोन पौर्णिमांमधलं सरासरी अंतर २९.५३ दिवसांचं. ऐंशी वर्षांचे दिवस २९,२२० धरा आणि भागाकार करा. उत्तर ९८९ च्या थोडं वर येतं. म्हणजे त्या दिवसापर्यंत ९८९ किंवा फार तर ९९० पौर्णिमा.

थोडे जाणकार असतात ते '८० वर्षं ८ महिने' सांगतात. त्यामागचा हिशेब सरळ आहे: ऐंशी वर्षांचे ९६० महिने, दर अडीच वर्षांनी एक याप्रमाणे ३२ अधिक महिने, झाले ९९२, आणि वरचे ८. बेरीज चोख, पण अडीच वर्षांचं गृहीतक ढोबळ. अधिक महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, १९ वर्षांत ७ वेळा. त्यामुळे ऐंशी वर्षांत ३२ नाही, २९ किंवा ३० अधिक महिने पडतात. ८० वर्षं ८ महिन्यांनाही दोन-तीन पौर्णिमा कमीच भरतात. हजारावी पौर्णिमा येते ती ८० वर्षं ९ महिने आणि आठवडाभर उलटल्यावर, पुढच्या महिनाभरात कधीतरी.

नेमकी कोणती, हे काढायला ऐंशी वर्षांची पंचांगं उघडायची गरज नाही. दर १९ वर्षांनी तारीख आणि तिथी परत जुळतात. कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तेवढाच. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात म्हणून हे होतं. १९, ३८, ५७ आणि ७६ व्या वाढदिवसाला तुमची जन्मतिथी जवळपास त्याच तारखेला येते, पंचांग उघडून खात्री करा. तर ७६ वर्षं म्हणजे ९४० पौर्णिमा. शहात्तराव्या वाढदिवसानंतरची साठावी पौर्णिमा ती हजारावी. कॅलेंडरं फक्त पाच वर्षांची लागतात.

उदाहरणार्थ, जन्म १ जानेवारी १९४६. शहात्तर पूर्ण झाली १ जानेवारी २०२२ ला. जानेवारी २०२२ ते ऑक्टोबर २०२६ हे ५८ महिने, त्यात २०२३ चा अधिक श्रावण आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ मिळवले की ६०. हजारावी पौर्णिमा २०२६ ची कोजागरी. मुहूर्त शोधायला नको!

मोजताना घोळ दोन ठिकाणी होतो. पौर्णिमा तिथी दोन तारखांवर पसरली की कॅलेंडरात ती दोन्हीकडे दिसते, ती एकदाच धरायची. आणि इंग्रजी महिन्याला एक असं समजून मोजू नका. एखाद्या महिन्यात दोन येतात, तर फेब्रुवारी कधी रिकामा जातो, २०१८ चा गेला होता. जन्म पौर्णिमेच्या आगेमागे असेल तर मात्र जन्मवेळ लागतेच. तिथी तासांनी बदलते, नुसत्या तारखेवर भरवसा ठेवून चालत नाही. (चार महिने आभाळ भरलेलं असताना 'दर्शन' कसलं, असं विचारणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला वाढपाला लावा.)

तब्येतीमुळे थांबता येत नसेल तर ऐंशीलाच करा, अगदी खुशाल. पत्रिकेत 'ऐंशी वर्षं पूर्ण' छापा, काही बिघडत नाही. पन्नाशी आणि पंचाहत्तरीची शांत असतेच की वर्षांच्या हिशेबाने. साठीचं गणित तर बिनचूक आहे. साठ संवत्सरांचं चक्र पुरं होऊन जन्मसंवत्सराचं नाव परत येतं. शके १८८८ च्या पराभव संवत्सरात जन्मलेल्यांना शके १९४८ मध्ये पुन्हा पराभवच लागतो. नावाला घाबरू नये.

दरवर्षीचा वाढदिवसाचा विधी याहून साधा, आणि तो विसरला गेला याचं जास्त वाईट वाटतं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात (१७९०) तो वर्धापनविधी म्हणून दिलेला आहे. जन्मतिथीला तीळ लावून अंघोळ, कुलदेवता आणि जन्मनक्षत्राची पूजा, मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या चिरंजीवांचं स्मरण, षष्ठीदेवीला दहीभात. ही षष्ठी म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवशी पुजतात ती सटवाईच. शेवटी तीळ-गूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध प्यायचं. घरी करताना दूध कोमट झाल्यावरच गूळ घाला, उकळत्या दुधात टाकलात तर फाटेल. त्या दिवशी नखं-केस कापायचे नाहीत आणि भांडायचं नाही. जन्म अधिक महिन्यातला नसेल आणि यंदा तोच महिना अधिक आला, तर वाढदिवस निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या महिन्यात.

आता सोहळ्याबद्दल. ८१ दिव्यांनी ओवाळायचं ठरवता, तर एका दिव्याला १५ ग्रॅम धरून सव्वा किलो कणीक लागेल. घट्ट भिजवा आणि दिवे दहा मिनिटं वाफवून घ्या. कच्चे दिवे तेल पितात आणि तडकतात. वाती आधी तुपात भिजवून ठेवा. सगळे दिवे एका परातीत मांडून ती परात पंचाहत्तरीच्या काकूंच्या हातात देऊ नका. वजन आणि धग दोन्ही सोसत नाही, शिवाय पदर तिथेच असतो. पेटलेल्या पराती टेबलावर राहू द्या आणि ओवाळायला ताम्हणात पाचच घ्या. ते पाच मिनिटं पंखे बंद.

गुळाची तुला करणार असाल, म्हणजे माणसाच्या वजनाइतका गूळ तोलणार असाल, तर साठ किलोच्या माणसाला दहा किलोच्या सहा ढेपा आणि वर सुटा गूळ दोन किलो, कारण शालू, शेला आणि हार यांचं वजन कुणी धरत नाही. झोपाळ्यासारखा तराजू भाड्याने मिळतो, पण त्यात बसवताना बसायचं पारडं आधी खाली टेकलेलं हवं आणि दोन्ही बाजूंना धरायला माणसं. होम उघड्यावर किंवा खिडकीजवळ, उत्सवमूर्ती वाऱ्याच्या बाजूला, खुर्चीवर. गुडघे दुखत असताना पाटाचा आग्रह कोणतेही गुरुजी धरत नाहीत, आग्रह असतो तो फोटोग्राफरचा. आणि सकाळच्या गोळ्या वेळेवर द्या, पूर्णाहुती साडेबाराला होणार असं पत्रिकेत असलं तरी ती दीडच्या आत होत नाही.