साडेतीनशे किलोचे मासे

भाच्याची बदली बेंगलोरला झाली आणि त्याचा चार फुटी फिश टँक आमच्या गळ्यात पडला. टँक फुकट, सात गोल्डफिश फुकट, स्टँड मात्र त्याच्या घरमालकाचं असल्यामुळे ते तिकडेच राहिलं. म्हणलं त्यात काय, स्टँड म्हणजे शेवटी टेबलच की, बनवू घरी. हे मी जेवताना बोललो तेव्हा बायकोने ताटातून मान पण वर केली नाही, कारण दारातलं चपलांचं रॅक भिंतीचा आधार घेऊन उभं आहे ना, ते मीच बनवलेलं.

तात्पुरती सोय म्हणून मासे टबात सोडले, टब बाथरूममध्ये ठेवला, पंप लावला. तात्पुरती.

मग हिशोब केला आणि घाम फुटला. टँक चार बाय दीड बाय दीड, म्हणजे नऊ घनफूट, एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे झालं अडीचशे लिटर म्हणजेच अडीचशे किलो, त्यात १० एमएमच्या काचा पन्नासेक किलो, खालची वाळू वेगळी. साडेतीनशे किलो! आणि त्यात माशांचं वजन म्हणाल तर पाव किलो.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. नव्या सागाचा भाव ऐकून तसाच मागे फिरणार होतो तेवढ्यात कोपऱ्यात पाडलेल्या वाड्याचे वासे दिसले. काळेकुट्ट, पण हाताला एकदम वजनदार. मालक म्हणाले, "काय करायचंय साहेब, देव्हारा?" म्हणलं नाही, मासे ठेवायचेत. त्यांनी एकदा वाशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पाळायचे का वाळवायचे?"

तिथेच बसलेल्या एका म्हाताऱ्या सुताराने मात्र फुकटात लाखमोलाची गोष्ट सांगितली. "वजन स्क्रूवर टाकू नका, लाकडावर टाका. आडवं लाकूड पायाच्या डोक्यावर बसलं पाहिजे, बाजूला चिकटवाल तर स्क्रू एकटाच लढत बसंल. आणि मागं एक तिरकी पट्टी मारा, नायतर झुलतंय." आमचं चपलांचं रॅक का झुलतं ते मला त्या क्षणी कळलं.

पुढचे तीन रविवार पार्किंगमध्ये गेले. जुन्या वाशाला रंधा मारला ना की वरचा काळा थर जातो आणि आतून असा सोनेरी साग निघतो, त्याचा तो तेलकट वास, पायाशी छिलक्यांची वेटोळी, मला वाटायला लागलं आपण चुकून आयटीत गेलो. तेवढ्यात करवत कुठल्यातरी जुन्या खिळ्यावर कचकन बसली आणि दोन दात गेले. करवतीचे. असे एकूण अकरा खिळे निघाले.

स्टँड वर आणून हॉलच्या खिडकीपाशी ठेवलं, पाणसळ लावली तर बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. चारी पाय तर सुताबरहुकूम सारखे होते. आमची फरशीच बाल्कनीकडे उतरती निघाली, बिल्डरने पाणी वाहून जायची सोय हॉलपासूनच केलीय. म्हणून बसून दोन पाय एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कापले. बुडबुडा मधोमध! फोटो काढला, स्टेटसला टाकला.

संध्याकाळी बाबा ताईकडून परत आले. बाबा रिटायर्ड पीडब्ल्यूडी. चहा संपवला आणि म्हणाले, "घराच्या स्लॅबला चौरस मीटरला २०० किलो धरतात. तुझा टँक अर्ध्या मीटरवर साडेतीनशे ठेवणार. तो इथे स्लॅबच्या मधे नको, तिकडे बीमवर घे, भिंतीला लागून." तिकडे म्हणजे समोरच्या भिंतीला, जिथे उतार बरोबर उलटा. मी सकाळी कापलेले पाय तिथे दुप्पट चुकीचे झाले. शेवटी सागाच्याच पाचरी करून ठोकल्या. ठोकण्याचा आवाज ऐकून खालचे काका वर आले, त्यांना सगळं समजावून सांगितलं, बीम पण दाखवला. ते "छान छान" म्हणत गेले आणि पाच मिनिटांनी खालून कॉट सरकवल्याचा आवाज आला.

आता टँक चढवायचा एवढंच राहिलं होतं. काचेखाली टाकायला थर्माकोलची शीट हवी, ती पण फ्रिजच्या खोक्यातली माळ्यावर निघाली. पण गणपती चार दिवसांवर आलेले, आणि आईने स्टँडवर हात फिरवून बघितला, हलवून बघितलं, ते जागचं हललं नाही. "यंदा गणपती यावर," आई म्हणाली. "दरवर्षी त्या डुगडुगत्या टीपॉयवर माझा जीव खालीवर होतो."

गणपती बसले. दीड दिवसाचे आमचे असतात ते यंदा आईने पाच केले, कारण "स्टँड एवढं छान झालंय." नंतर म्हणाली नवरात्र कितीसं लांब आहे, घट बसवायला उंची बरोबर आहे याची. मासे अजून बाथरूममध्येच आहेत, आम्ही अंघोळ करताना ते सातही जण काठाशी येऊन बघत बसतात.

विसर्जनाच्या आरतीला खालचे काका आले होते. प्रसाद घेऊन जाता जाता हळूच मला विचारलं, "पाणी कधी भरताय मग?"

"नवरात्र झालं की."

"बरं, मग तोवर कॉट परत जागेवर घेतो."