‘सरळ १२ पौंडांवर या’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

साठीनंतर बॉलिंगचा (दहा पिना पाडायच्या खेळाचा) बॉल किती पौंडांचा घ्यावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया टाकलीत. नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी लिहिलं होतं की वय झालेल्या खेळाडूने बॉलचं वजन एकेका पौंडाने उतरवावं, आणि निर्णय पहिल्या गेमवरून न करता तिसऱ्या गेमवरून, म्हणजे हात थकल्यावर, करावा. तुमचं म्हणणं असं की हा प्रो शॉपवाल्यांचं, म्हणजे बॉल विकणाऱ्या दुकानदारांचं, भलं करणारा सल्ला आहे, बॉल शरीराच्या वजनाच्या १० टक्के असावा हा नियम मी विसरलो, डॉक्टरांचा कुठे उल्लेख नाही, आणि मी काही कोच नाही. शेवटी ते वाक्य: ‘एकेक पौंडाचा हिशेब म्हणजे म्हाताऱ्यांचा अहंकार आहे, काका. सरळ १२ वर या. पिना पाडायला ताकद नाही, नेम लागतो.’

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. आकडे मी फक्त पौंडांत दिले होते, आणि भारतातल्या वाचकांसाठी ते किलोतही द्यायला हवे होते. १२ पौंड म्हणजे साधारण ५.४ किलो, १४ म्हणजे ६.४, १५ म्हणजे ६.८, आणि कमाल मर्यादा १६, म्हणजे ७.३. लेखात ही भर आजच घातली आहे. चांगली सूचना कुणाकडूनही आली तरी मी घेतो.

आता अहंकार. मी चिंचवडहून मिशिगनला आलो तेव्हा मला बॉलिंग म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. डेट्रॉइटच्या आसपास त्या काळी प्रत्येक कारखान्याची लीग असे. आमच्या प्लांटमधले प्रेसवर काम करणारे गडी १६ पौंडांचा बॉल हातात चेंडूसारखा धरत, आणि माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या इंजिनिअरने १४ चा उचलला की काय बोलत ते इथे लिहिता येणार नाही. त्यांच्या नादाने मीही कित्येक वर्षं १६ टाकला. नंतर १५ वर आलो, आता १४ वर आहे, आणि आमच्या सकाळच्या सिनियर लीगमध्ये रॅकवर तो सगळ्यांसमोर ठेवतो. अहंकार असता तर १६ वरच कुढत बसलो असतो. वजन उतरवा असं सांगणाऱ्या लेखाखाली येऊन लेखकाला अहंकारी म्हणायचं, यासाठी लेख न वाचण्याचं वेगळं कौशल्य लागतं.

आणि ‘काका’. माझे भाचे-पुतणे मला काका म्हणतात, लीगमधली मराठी मुलंही म्हणतात, मला आवडतं. तुमच्या वाक्यात तो शब्द कशासाठी आला होता ते तुम्हालाही ठाऊक आहे.

असो. ‘ताकद नाही, नेम लागतो.’ ऐकायला फार छान. नेम लागतो हे नाकारलंय कोणी? पण नेम लागल्यानंतर काय होतं ते बघा. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे सर्वांत पुढची १ आणि तिच्या मागे उजवीकडची ३ नंबरची या पिनांच्या मधे, नीट शिरला तर तो स्वतः फक्त १, ३, ५ आणि ९ या चार पिनांना लागतो. बाकीच्या सहा पिना पिनाच पाडतात. म्हणजे हेडपिनला (१ नंबरच्या पिनेला) धडकून, मग ३ ला धडकून, बॉलला ५ पर्यंत पोहोचायचं असतं. एकेक पिन दीड किलोच्या थोडी वर. प्रत्येक धडकेत बॉल थोडा बाजूला ढकलला जातो, आणि हलका बॉल जास्त ढकलला जातो. तोच नेम, लेनवरची तीच फळी, पण १२ चा बॉल उजवीकडे सरकतो आणि ५ ची पिन मधोमध उभी राहते. कधी सोबतीला ७ ची, मग बसा स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना, सोडवत. नेम चुकला म्हणून ५ ची पिन राहिली असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढच्या वेळी पिनांकडे न बघता बॉलकडे बघावं, तो कुठून बाहेर पडतो ते.

तुम्ही म्हणाल, हलका बॉल वेगाने टाकता येतो, भरपाई होते. इथे मात्र मला गप्प बसवत नाही, कारण वस्तुमान आणि वेग यांवरच माझं पोट भरलं आहे. १५ चा बॉल ताशी १५ मैलांनी जातो असं धरा. तेवढीच ऊर्जा १४ च्या बॉलमध्ये हवी असेल तर वेग साधारण १५.५ लागतो. अर्धा मैल. ओझं कमी झालेला खांदा तो सहज देतो, तिसऱ्या गेममध्ये तर जास्तच देतो. १२ च्या बॉलला तीच ऊर्जा द्यायची तर वेग हवा १६.८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन मैल जास्त. सत्तरीच्या माणसाने ते कुठून आणायचे? आणायला गेला की हाताने ढकलतो, आणि मग तुमचा तो लाडका नेमच आधी जातो.

कारण स्विंग, म्हणजे बॉल टाकतानाची हाताची हालचाल, हा झोका आहे. विहिरीवर भरलेली बादली हातात घेऊन चाला, ती आपल्या वजनाने सरळ झुलते. रिकामी घेऊन चाला, हात तिला वाटेल तिकडे नेतो. वर्षानुवर्षं १५ चा झोका अंगात भिनलेल्या माणसाला एकदम १२ दिलात तर बॅकस्विंग (मागे जाणारा झोका) जास्त वर जातो, हात पायांच्या आधी पुढे येतो, बॉल आतल्या बाजूला ओढला जातो. एका पौंडाचा फरक अंग दोन-तीन आठवड्यांत पचवतं. तीन पौंडांचा फरक म्हणजे नव्याने शिकणं. ज्याने आजवर कधी खेळलंच नाही त्याने खुशाल १२ पासून सुरुवात करावी, १० पासूनही करावी. लेख त्यांच्यासाठी नव्हता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं.

दुसरं, जे लेखात विस्ताराने यायचं राहून गेलं. बॉलच्या आत गाभा असतो, आणि बॉलच्या वळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. बऱ्याच मॉडेलांत १४, १५, १६ ला एकच गाभा असतो, १२-१३ ला बदललेला, आणि १२ च्या खाली तर साधासुधा. म्हणजे दुकानात नाव तेच, रंग तोच, किंमत तीच, पण १२ चा बॉल लेनवर वेगळा वागतो. १९९० च्या दशकात रिअ‍ॅक्टिव्ह कव्हरचे (वेगळ्या बाहेरच्या थराचे) बॉल आले, ते लेनवर जास्त पकड घेऊन पिनांत जास्त कोनातून शिरतात, म्हणून तर व्यावसायिक खेळाडूही १६ सोडून १५ वर आले आणि आपल्यालाही १४ परवडू लागला. वजन उतरवण्याच्या बाजूने याहून चांगला मुद्दा नाही, आणि तो तुम्ही मांडायला हवा होता. तुम्ही १० टक्क्यांचा नियम मांडलात.

तो नियम मला लावून बघू. माझं वजन ८२ किलो, म्हणजे १८० पौंड. मला १८ पौंडांचा बॉल लागेल. अमेरिकेतली या खेळाची संस्था, यूएसबीसी, १६ च्या वर परवानगी देत नाही. शिवाय या नियमाने माणसाचं पोट सुटलं की बॉलही जड व्हायला हवा! याच नियमाच्या जोरावर तुम्ही मला १२ वर पाठवता, त्याअर्थी माझं वजन ५४ किलो आहे. घरी हे वाचून दाखवलं, सौ. बराच वेळ हसत होत्या.

तुम्ही हेही लिहिलंत: ‘मी पुण्यात मॉलमध्ये १० पौंडांच्या बॉलने १७० काढतो.’ अभिनंदन. पण तिथल्या बॉलची भोकं सगळ्यांच्या बोटांसाठी पाडलेली, म्हणजे कुणाच्याच बोटांसाठी नाहीत. अंगठ्याचं भोक सैल, म्हणून माणूस बॉल आवळून धरतो, आणि आवळला की १० पौंडही जड लागतात. आपल्या हाताच्या मापाने भोकं पाडलेला १४ चा बॉल त्याहून हलका वाटतो. वजन ठरवण्याआधी हे करा, असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

पैशांचं म्हणाल तर नवा बॉल दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात जातो, खरं आहे. लीगमध्ये जुने बॉल मिळतात, ते घ्या. मी कुठल्याही दुकानाकडून छदामही घेत नाही. कोचचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर कळवा.

डॉक्टरांचं राहिलं. ज्याचा खांदा दुखतो तो माझा ब्लॉग वाचून डॉक्टरांकडे जायचं टाळेल, असं समजण्याइतका मी वाचकांना बावळट समजत नाही. माझ्या स्वतःच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया १५ चा बॉल टाकत असतानाच करावी लागली, आणि त्यानंतर सर्जन काय म्हणाले तो त्यांचा आणि माझा प्रश्न आहे. इथे विषय बॉलचा आहे.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुढची मात्र नावानिशी आली तरच प्रसिद्ध करीन. आणि वाद घालायचाच असेल तर आकडे पाठवा: पहिल्या गेमचा वेग, तिसऱ्या गेमचा वेग, आणि पॉकेटमध्ये जाऊनही ५ ची पिन किती वेळा राहिली ते. बऱ्याच ठिकाणी स्कोअरच्या पडद्यावर वेग दिसतो, फक्त तिकडे बघावं लागतं.

नागपूरच्या ताईंनी स्पॅन (बॉलवरच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) कसा मोजतात ते अतिशय सभ्य शब्दांत विचारलं आहे. त्यांना उद्या वेगळं उत्तर लिहितो.